बाबांचा डी ड्राइव्ह

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो, आयटीत काम करतो. आईबाबा ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत. बाबा ७१ वर्षांचे, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचा २०१६ सालचा डेस्कटॉप विंडोज १० वर चालायचा. ऑक्टोबरात त्याचा सपोर्ट संपला आणि त्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. चांगलं चालतं मशीन भंगारात कशाला घालायचं, म्हणून भाऊबीजेच्या सुट्टीत मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. फाइली सगळ्या जपून कॉपी केल्या. स्क्रीनवरचं सगळं मराठीत करून दिलं. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टातल्या नोटिसा उघडल्या की काहीतरी चिन्हं दिसतात आणि जुना प्रिंटर अजून लागत नाही, पण तेवढं मी बघणारच होतो. आई त्यावर मजेत कीर्तनं ऐकते, मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. बाबा मात्र मशीनला हात लावत नाहीत. संक्रांतीला गेलो तेव्हा कळलं की सोसायटीच्या नोटिसा ते गोखले रोडवरच्या टायपिंगच्या दुकानातून करून आणतात. मला फार लागलं ते. आई शिकली, मग बाबा का नाही? लिनक्स आता विंडोजइतकंच सोपं आहे, ते प्रयत्नच करत नाहीत. त्यांना कसं समजावू?
– एक मुलगा, ऐरोली

उत्तर :

तुमच्या पत्रातली गोखले रोडची ओळ मी दोन-तीनदा वाचली. ७१ वर्षांचा माणूस, घरात मशीन असताना, हाताने लिहिलेला कागद खिशात घालून त्या गर्दीतून चालत जातो, दुकानात नंबर लागायची वाट बघतो, आणि मुलाला यातलं काही सांगत नाही. प्रयत्न न करणाऱ्या माणसाने हे केलं नसतं. नोटीस वेळेवर बोर्डावर लागली पाहिजे, म्हणून त्यांनी जमेल तो रस्ता काढला. तेव्हा ‘ते प्रयत्नच करत नाहीत’ हे वाक्य आधी मागे घ्या. बाकीचं त्यानंतर बोलू.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे मशीन बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या फटी बुजवणारे अपडेट येणं थांबतं. ज्या मशीनवरून पेन्शनचं खातं उघडलं जातं, तिथे हा धोका खरा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. २०१६ चं मशीन त्यात बसत नाही, हेही बरोबर. मिंट निवडलंत तेही विचार करूनच: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, विंडोजवरून येणाऱ्याला पहिल्या दिवशी बिचकायला होऊ नये अशी मांडणी. पैसे पडत नाहीत, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीनचा विचार तुम्ही पूर्ण केलात. बाबा त्या मशीनवर नेमकं काय करतात, हे मात्र तुम्ही बघितलं नाहीत.

‘आई शिकली, मग बाबा का नाही?’ या प्रश्नातच ते दिसतं. आईला नवीन असं काही शिकावंच लागलेलं नाही. तिचं सगळं जग ब्राउझरमध्ये आहे. कीर्तन, पाककृती, मावशी, सगळं त्या एका खिडकीत, आणि ती खिडकी विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर सारखीच दिसते. तिच्या दृष्टीने तुम्ही फक्त भिंतींचा रंग बदललात. बाबांचं काम ब्राउझरमध्ये नाही. ते फाइलींमध्ये आहे, फॉन्टमध्ये आहे, प्रिंटरमध्ये आहे, आणि गेली पंधरा-वीस वर्षं बोटांत बसलेल्या सवयींमध्ये आहे. या चारही जागा तुम्ही एका दिवसात बदलल्यात. एकाच मशीनवर एकाच दिवशी आईसाठी जवळजवळ काहीच झालं नाही आणि बाबांचं ऑफिस कुणीतरी दुसऱ्या इमारतीत हलवलं.

त्यातली पहिली गोष्ट डी ड्राइव्ह. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाही, म्हणून मी मुद्दाम करते. आपल्याकडे मशीन घेतलं की हार्डवेअरवाला त्याचे सी आणि डी असे भाग पाडून देतो आणि सांगतो, ‘काका, तुमचं सगळं डीमध्ये ठेवा. सीला फॉरमॅट मारला तरी डीला धक्का लागत नाही.’ बाबांच्या वयाच्या माणसांनी हा एक नियम पक्का धरून ठेवला आहे. डी ड्राइव्ह म्हणजे त्यांचं कुलूपवालं कपाट. सभांची इतिवृत्तं, देखभाल खर्चाचे हिशेब, कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याच्या पत्रव्यवहाराची स्कॅन केलेली पानं, सगळं तिथे. लिनक्समध्ये ड्राइव्हना अक्षरं नसतात. तुम्ही फाइली जपून कॉपी केल्यात, एकही हरवली नाही, पण तुमच्या मते त्या ‘होम’ फोल्डरमध्ये आहेत आणि बाबांच्या मते कपाटच गायब आहे. फाइल शोधायची कुठे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात याआधी कधी आलाच नव्हता. तुम्ही तो निर्माण केलात.

दुसरी गोष्ट थोडी दुखरी आहे, कारण ती तुम्ही प्रेमाने केली आहे. स्क्रीनवरचं सगळं मराठीत केलंत. मी या शहरात अनेक वर्षं संगणकाचे वर्ग घेतले, त्यात निवृत्त मंडळी पुष्कळ असत, आणि हा अनुभव मला दरवर्षी आला: ज्याने ‘सेव्ह’ करायला शिकलं आहे, त्याला ‘जतन करा’ सापडत नाही. शब्द कळतो, पण सापडत नाही. बाबांच्या वहीत, हो, त्यांची एक वही असणारच, ‘फाइल – सेव्ह ॲज – डी’ असंच लिहिलेलं असणार. सेव्ह, प्रिंट, कॉपी, पेस्ट हे त्यांच्यासाठी आता इंग्रजी शब्द राहिलेलेच नाहीत, ते हत्यारांची नावं झाली आहेत. पाना आणि पक्कड यांची नावं एका रात्रीत बदलली तर सुताराचाही हात अडखळेल. मराठीचा अभिमान मलाही आहे, आणि जो पहिल्यांदाच शिकतो त्याला मराठी पडदा जरूर द्यावा. बाबांना आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

माझ्या वर्गात एक बाई होत्या, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या. त्यांना चित्रांचे अर्थ पाठ नव्हते, जागा पाठ होत्या. डावीकडून तिसरं म्हणजे सेव्ह, पाचवं म्हणजे प्रिंट. एकदा सुट्टीत सगळी मशीन्स नव्याने लावली गेली आणि वरची पट्टी एका चित्राने सरकली. त्या दिवशी त्यांनी माउस सोडला, हात मांडीवर ठेवले आणि तासभर तशाच बसून राहिल्या. मी तेव्हा वयाने लहान होते, मला वाटलं त्या रागावल्या आहेत. राग नव्हता तो. आपल्या हातून काही बिघडेल, अशी भीती होती. बाबा मशीनला हात लावत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला ते मांडीवरचे हात आठवले.

हे फक्त आपल्या आईवडिलांचं आहे असंही नाही. १९९५ पासून लोकांच्या बोटांत बसलेलं स्टार्ट बटण मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मध्ये पट्टीवरून काढून टाकलं आणि वर्षभरात, ८.१ मध्ये, परत आणलं. जगभरातल्या जाणत्या लोकांनाही तो कोपरा रिकामा सहन झाला नव्हता.

आता मुख्य गाठीकडे येते. तुम्ही ‘काहीतरी चिन्हं दिसतात’ म्हणून ज्या प्रश्नाची एका ओळीत बोळवण केलीत, माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकची आयएसएम, शिवाजीसारखे फॉन्ट, यांनी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधी मराठी संगणकावर आणली. मराठीतल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कोर्टाचे अर्ज यांच्यावर वर्षानुवर्षं निघाले. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्या काळच्या या फॉन्टांची रीत अशी, की मशीनच्या लेखी तिथे ‘क’ नसतोच. मशीनच्या पोटात एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चा आकार काढून दाखवतो. फॉन्ट मशीनवर असेतो मजकूर मराठी. फॉन्ट नसला की खालची चिन्हं उघडी पडतात. बाबांनी नोटीस उघडली तेव्हा त्यांना तेच दिसलं. वीस वर्षांचं सोसायटीचं दप्तर, आणि पानावर नुसता कचरा. त्यांच्या जागी मी असते तर मला वाटलं असतं, मुलाने सगळं घालवलं. आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून मीही बोलले नसते.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरीला त्यात तेव्हापासून स्वतःची जागा आहे. ‘क’ हा जगातल्या प्रत्येक मशीनवर ‘क’च असतो, फॉन्ट कुठलाही असो. गंमत अशी की लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली ओळख करून दिली तेही १९९१ सालच. पण युनिकोड आला म्हणून जुन्या फाइली आपोआप बदलत नाहीत, आणि जुनी बोटंही बदलत नाहीत.

बोटांचं ऐका, कारण हे तुमच्या वयाच्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. बाबांनी तरुणपणी टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा दिली आहे का, हे त्यांना विचारा. नोकरीसाठी त्या पिढीतल्या पुष्कळांनी ती दिली आहे. टाइपरायटरवर ‘कि’ उमटवताना आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. तुमच्या लिनक्सने मराठी कीबोर्ड म्हणून जी मांडणी दिली असेल ती इन्स्क्रिप्ट. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि आधी क, मग वेलांटी. जसं उच्चारतो तसं. पद्धत अतिशय नीट रचलेली आहे, नव्या माणसाला मी तीच शिकवते. पण ज्याची बोटं चाळीस वर्षं आधी वेलांटीवर गेली आहेत, त्याला दर दुसऱ्या शब्दाला ठेच लागते. चांगल्या वेगाने टाइप करणारा माणूस अचानक एकेक अक्षर शोधू लागतो. घरात कुणी बघत असेल तर त्याला ते नको होतं. त्यापेक्षा गोखले रोड बरा.

यावर उपाय आहेत. लिनक्सवर आयबस नावाची सोय असते, तिच्यात टाइपरायटरच्या वळणाची रेमिंग्टन मांडणी मिळते, रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या पद्धतीही मिळतात. विंडोजवरही अशा मांडण्या बसवता येतात. टाइपरायटरची ती मांडणी बसवा, बाबांच्या समोर बसवा, आणि एक परिच्छेद त्यांना मारून बघू द्या. काही जोडाक्षरं इकडेतिकडे असतील, तेवढी त्यांना चालतात का, हे तेच सांगतील.

प्रिंटरचं थोडक्यात. जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी बरेच असे असतात की पान आखायचं सगळं काम ते मशीनवर सोडतात आणि त्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे मशीनला प्रिंटर चालवायला शिकवणारा प्रोग्राम, लागतो. तो विंडोजपुरताच नीट बनवलेला असेल तर लिनक्सवर तुम्ही कितीही रात्री घालवल्यात तरी पान अर्धवट निघेल. अलीकडचे, वायफायवरून ड्रायव्हरशिवाय छापणारे प्रिंटर लिनक्सवर सहसा बिनबोभाट चालतात. म्हणजे तुमच्या ‘फुकट’ लिनक्ससाठी एक नवा प्रिंटर घ्यावा लागू शकतो. तो खर्च आधी हिशेबात धरायला हवा होता. छापताच येत नसेल तर सेक्रेटरीला मशीन कशाला लागतं?

पण यापेक्षाही मोठी गोष्ट तुम्ही नकळत काढून घेतलीत, आणि ती मशीनमध्ये नव्हतीच. विंडोज होतं तेव्हा बाबा अडले तर विचारायला चार माणसं होती. खालच्या मजल्यावरचा कुणीतरी, शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, स्टेशनजवळचा हार्डवेअरवाला जो तीनशे रुपयांत घरी येऊन जातो, झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा. यातल्या कुणीही लिनक्स पाहिलेलं नसणार. मिंट टाकल्यापासून बाबांना विचारायला एकच माणूस उरला, तो ऐरोलीत राहतो, दिवसभर मीटिंगांमध्ये असतो. मी इतक्या वर्षांत लोकांना मशीनपुढे बसलेलं बघून एवढं शिकले आहे: रोजच्या माणसाला कुठली सिस्टिम सोपी जाईल हे पहिल्या दिवशी ठरत नाही, ती अडते त्या दिवशी ठरतं. दुपारी साडेतीन वाजता काहीतरी अडलं, तर हाकेच्या अंतरावर कोण आहे? लिनक्स घरगुती वापराला मागे राहतं ते पुष्कळदा यामुळे. ते अवघड आहे म्हणून नाही, आजूबाजूला ते जाणणारं माणूस नाही म्हणून.

जिथे माणसं उभी केली तिथे ते चाललंही आहे. केरळच्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवलं जातं. आयटी ॲट स्कूल या सरकारी प्रकल्पाने, ज्याची २०१७ मध्ये काइट नावाची सरकारी कंपनी झाली, नुसत्या सीड्या वाटल्या नाहीत. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, मल्याळममधून सोय केली, २०१८ पासून शाळाशाळांत मुलांचे ‘लिटल काइट्स’ गट उभे केले. तिथल्या मुलाचं काही अडलं तर वर्गातच विचारायला कुणी असतं. नौपाड्यातल्या तुमच्या जिन्यात तसं कुणी नाही. ते माणूस तुम्हाला व्हावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

आणखी एक, जे तुम्हाला ऐकायला जड जाईल. बाबांनी तुम्हाला फोन का केला नाही? मला वाटतं, त्यांनी सुरुवातीला केले असतील, आणि तुम्ही दर वेळी म्हणाला असाल, ‘अहो बाबा, सोपं आहे ते.’ तुमच्या मनात धीर द्यायचा असतो. पण न जमणाऱ्या माणसाच्या कानावर ‘सोपं आहे’ पडलं की त्याला एवढंच ऐकू येतं की हे सोपं असूनही मला जमत नाही. दोन-तीनदा असं ऐकलं की माणूस विचारायचं सोडतो. मी वर्ग घेताना हा शब्द वापरायचं बंद केलं होतं. ‘हे जरा किचकट आहे, आपण मिळून बघू’ म्हटलं की लोक पुढे सरकून बसायचे. तुम्हीही पत्रात ‘विंडोजइतकंच सोपं’ लिहिलं आहे. तुम्हाला सोपं आहे. बाबांसमोर पुढचे काही महिने तो शब्द काढू नका.

आता काय करायचं ते.

येत्या शनिवारी जा, पण पहिला तासभर माउसला हात लावू नका. बाबांच्या मागे स्टूल घेऊन बसा आणि एक नोटीस करून दाखवायला सांगा. जिथे ते थांबतील तिथे तुम्हीही थांबा. ‘इथे काय असायचं?’ एवढंच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मला खात्री आहे, तुमची यादी आणि मी वर लिहिलेलं यात फरक निघेल, आणि जिथे फरक असेल तिथे तुमची यादी खरी. त्यानंतर त्यांना स्पष्ट सांगा की तुम्हाला न विचारता मी हे केलं, ते चुकलं. माफी मागताना मिंटचे फायदे सांगू नका.

मग त्यांना विचारा, जुनं परत हवं का? हा निर्णय त्यांचा आहे. माझा कल मी लपवत नाही: बाबांसाठी आत्ता विंडोज परत आणावं. सपोर्ट संपला असला तरी मायक्रोसॉफ्टने घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे वाढीव अपडेट ठेवले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. मशीनवर २२एच२ ही शेवटची आवृत्ती मात्र हवी. मूळ विंडोज अस्सल असेल तर तिचा परवाना मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो, पुन्हा टाकल्यावर इंटरनेट मिळालं की ती सहसा स्वतःच ॲक्टिव्हेट होते. जुन्या बिलावर हे आधी तपासा. असेंबल केलेल्या मशीनवर कुणीतरी क्रॅक केलेली विंडोज टाकून दिलेली असेल तर तिच्याकडे परत जाऊ नका. पेन्शनच्या खात्याशेजारी असली गोष्ट मी कुणाच्याही घरात ठेवू देणार नाही. तशा वेळी एक तर अस्सल परवाना घ्या, नाहीतर मिंटवरच थांबून पुढे सांगते ते करा.

तेवढ्यात जुन्या हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान अशी एसएसडी बसवा, जमलं तर रॅम वाढवा. नव्या मशीनच्या मानाने हा खर्च थोडका आहे आणि बाबांना फरक त्याच क्षणी कळेल. दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर ठेवून चालू करताना निवडायला लावण्याचा विचार तुमच्या मनात येईल, तो सोडून द्या. रोज सकाळी तो काळा पडदा आणि तो प्रश्न त्यांना नको आहे, आणि चुकून दुसरीच ओळ निवडली गेली की पुन्हा तुम्हाला फोन. मॅकबद्दल कुणी सुचवेल. यंत्र उत्तम, पण बाबांच्या चारही अडचणी, फाइली, फॉन्ट, प्रिंटर, बोटं, तिथेही तशाच राहतात आणि खिशाला भुर्दंड वेगळा.

बाबा म्हणाले की आता मिंटच राहू दे, तर मात्र ते त्यांच्या हाताला येईल असं करा. स्क्रीनवरची भाषा पुन्हा इंग्रजी. फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूला आणि डेस्कटॉपवर ‘डी ड्राइव्ह’ नावाचाच फोल्डर, आणि त्यात सगळं जुन्या नावांनी, जुन्या क्रमाने. मिंटवर वर्डच्या जागी असलेल्या लिब्रेऑफिसचा मेन्यू ‘टॅब्ड’ प्रकारचा केला की तो वर्डच्या जवळ जातो. फाइल आपोआप वर्डच्या स्वरूपात सेव्ह होईल असं एकदाच ठरवून ठेवा, म्हणजे ऑडिटरला पाठवलेली फाइल परत येणार नाही. अपडेट आपोआप होऊ द्या. दुरून त्यांची स्क्रीन बघता येईल असं एखादं साधन बसवा आणि रोज रात्री साडेआठ-नऊची एक वेळ ठरवून द्या, ज्या वेळी तुम्ही फोन घेणारच.

मात्र विंडोज असो की मिंट, एक काम दोन्हीकडे करायचंच आहे: दप्तर युनिकोडमध्ये आणणं. बाबांना विंडोजने बांधून ठेवलेलं नाही, जुन्या फॉन्टने बांधून ठेवलं आहे. ज्या मशीनवर श्रीलिपी अजून नीट चालते अशा ठिकाणी बसून सगळ्या जुन्या फाइलींच्या आधी पीडीएफ काढा. त्या कुठेही उघडतील, मोबाइलवरही, आणि दप्तर हरवलं ही धास्ती जाईल. पुन्हापुन्हा लागणारे मसुदे तेवढे युनिकोडमध्ये बदला: सभेची नोटीस, थकबाकीचं पत्र, पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना. सोसायटीला दहा-बारापेक्षा जास्त लागत नाहीत. फॉन्ट बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि वेलांटी ती हमखास इकडची तिकडे करतात, म्हणून बाबांनी एकदा वाचायलाच हवं. आणि सभासदांची नावं, थकबाकीचे आकडे असलेली पत्रं कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका.

बाबांना युनिकोड परका वाटेल ही भीती मला नाही. ते रोज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत लिहितच असतील. ते युनिकोडच आहे. मोबाइलवर बोलून मराठी टाइप होतं, हे एकदा त्यांना दाखवा. लांबलचक इतिवृत्तासाठी पुष्कळ ज्येष्ठांना ते आवडतं. मग तोच मजकूर मेलने मशीनवर घ्यायचा आणि तिथे सुधारायचा.

वेळापत्रक सांभाळा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात त्या मशीनवर काहीही बदलायचं नाही, एक चित्रसुद्धा हलवायचं नाही. जे करायचं ते जुलैपर्यंत. १३ ऑक्टोबरला वाढीव मुदत संपेल, तोवर मसुदे युनिकोडमध्ये आलेले असतील आणि बाबांना खरी निवड करता येईल: कंपन्यांतून निघालेलं आठव्या पिढीपुढचं एखादं मशीन आणि विंडोज ११, किंवा हेच मशीन आणि मिंट. तेव्हा ते मिंट म्हणाले तर मला आनंदच होईल. पण ते त्यांनी म्हणावं.

विंडोज परत टाकण्याआधी आईलाही विचारा. तिची कीर्तनं तिकडेही चालतील, पण तिने जपून ठेवलेले पत्ते आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये आहेत. ते आधी काढून घ्या, नाहीतर पुढचं पत्र आईकडून येईल. आणि शनिवारी निघताना गोखले रोडवरून आलेल्या त्या छापील नोटिसा बाबांकडून मागून घ्या. पहिला मसुदा कुठला करायचा, ते त्यांनाच त्या गठ्ठ्यातून काढू द्या.